आमच्याकडे ठेवायला दिलेले चाप

उंदराचा चाप साबणानं धुवायचा नसतो. साबणाचा वास लाकडात मुरतो आणि मग त्या चापाकडे उंदीर फिरकत नाही. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आमच्या घरात राहणाऱ्याला ते आपोआप कळायचं, कारण दरवर्षी हरतालिकेच्या दिवशी आमच्या गल्लीतले सगळे चाप आमच्या घरी येत.

चाप म्हणजे वीतभर लाकडी फळी, तिच्यावर जाड तारेची कमान, कमान ओढून धरणारी स्प्रिंग आणि भाकरीचा तुकडा अडकवायला पत्र्याची छोटी जीभ. आमचं गाव उमरग्याकडच्या मुरुमपासून जवळ आहे. गावात प्रत्येक घरात धान्य आणि प्रत्येक घरात उंदीर, म्हणून प्रत्येक घरात असे दोन-चार चाप. पण गणपती बसला की त्याच्या वाहनाला मारायचं हत्यार त्याच छपराखाली कसं ठेवायचं? दुसरीकडे कुठं काय करतात मला माहीत नाही. आमच्या गल्लीनं आपल्यापुरता तोडगा काढला होता. ज्या घरात देव बसत नाही त्या घरात चाप ठेवायचे. अनंत चतुर्दशी झाली की परत न्यायचे.

देव न बसणारं घर एकच होतं, आमचं. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आजोबा कळप विकून या गावाला राहिले, पण देव्हारा थोरल्या चुलत्यांच्या घरी, दुसऱ्या गावात राहिला. सणाला नैवेद्य घेऊन तिकडे जायचं, अशी आमची पद्धत. त्यामुळे आमच्या घरात गणपती नाही, महालक्ष्म्या नाहीत, देव्हारासुद्धा नाही. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्याच्यावरच्या देवाला आई सकाळी हात जोडायची. वर्ष संपलं की देव बदलायचा.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो आणि गल्लीही आप्पाच म्हणते. ते मुरुमच्या एका आडत दुकानात माल सांभाळायला होते. पोत्यांच्या थप्प्या, ताडपत्र्या आणि चाप हे त्यांचं काम. त्यामुळे गल्लीतले चाप ते नुसते ठेवून घेत नसत. लोक जसे उचलून आणत तसे, वाळलेल्या रक्ताचे, केस चिकटलेले, गंजलेले ते चाप ते अंगणात मांडून बसत. आधी गरम पाणी आणि चुलीतली राख, नारळाच्या काथ्यानं घासायचं. मग पत्र्यावर उन्हात उलटे घालायचे. लाकूड आतून वाळलं की कोंबडीच्या पिसानं स्प्रिंगला करडीचं तेल लावायचं, तेही पुसून घ्यायचं, कारण जास्त झालं की ते चिकट होतं आणि कमान जड पडते. मग काडीनं एकेक चाप उडवून बघायचा. ठक. हलका आवाज आला तर स्प्रिंग बसली आहे, ती बदलायची. शेवटी फळीवर ज्वारीचं पीठ चोळायचं आणि कमान सैल सोडून, कधीही ताणलेली न ठेवता, सगळे चाप तारेत ओवून आढ्याला टांगायचे. कुणाचे कुठले ते कळावं म्हणून प्रत्येकाला त्या त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे.

गल्लीत आरत्या चालायच्या तेव्हा आमच्या अंगणात ठक ठक चालायचं. मी लहान असताना मला ते आवडायचं. आम्हाला काहीतरी मोठं काम दिलंय असं वाटायचं. पाचवीत मुरुमच्या शाळेत गेले तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका मुलीनं वर्गात सांगितलं, "हिच्या घरात देव न्हाय बसत, चाप बसतेत." सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण तो विनोद मला कळला नव्हता. घरी येऊन आढ्याकडे बघितलं तेव्हा कळला. त्या दिवसापासून गणपतीच्या दिवसांत मी कुठल्याही मैत्रिणीला घरी बोलावलं नाही.

आप्पांना हे कधी कळलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ती गल्लीची मर्जी होती. एरवी ज्यांच्या ओसरीवर त्यांना कुणी बस म्हणत नव्हतं, ती माणसं त्या दिवशी आमच्या दारात येऊन "आप्पा, एवढा बघा की, उडतच न्हाय" असं म्हणत. ते म्हणत, "ठेवा. तुमी जावा. म्या बघतो." त्या तीन वाक्यांत त्यांचा वर्षाचा मान होता.

मी बारावीनंतर उमरग्याला कॉलेजला गेले. आमच्या घरातलं पहिलं माणूस कॉलेजला जाणारं. आप्पांनी आडतीतल्या पोत्यांखाली पाठ घालवली म्हणून मी गेले, आणि एका सरांनी जुनी पुस्तकं दिली म्हणून टिकले. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला मी निघाले त्या सकाळी आईनं कॅलेंडरसमोर नवस बोलला. पोरगी शिकून नोकरीला लागली तर घरात महालक्ष्म्या बसवीन.

आमच्या भागात महालक्ष्म्यांचा सण गणपतीपेक्षाही मोठा. भाद्रपदात तीन दिवस दोन बहिणी घरी येतात. पहिल्या दिवशी मुखवटे हातात धरून त्यांना सगळं घर दाखवायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, देवींच्या डोक्यावर टांगलेला करंज्या-लाडवांचा फुलोरा आणि गल्लीतल्या सवाष्णींना जेवण, तिसऱ्या दिवशी पाठवणी. आई दरवर्षी दुसऱ्यांच्या घरी पुरण वाटायला जायची. तिच्या हातचं पुरण सगळ्यांना हवं असे. जेवायला बसायची ती शेवटच्या पंगतीला.

मला पदवी मिळाली. उमरग्याच्या एका धान्य गोदामात नोकरीही लागली. मालाचे नमुने काढायचे, ओल तपासायची, पोत्यांची नोंद ठेवायची, आणि गोदामात उंदराचं विष चालत नाही म्हणून भिंतीकडेचे चाप साफ करून पुन्हा लावायचे. रबरी हातमोजे घालून, ब्रशनं, कोमट पाण्यात. वापरात नसलेले चाप कमान सोडून कोरड्या पेटीत, किडीच्या औषधांच्या डब्यांपासून लांब. मी हे घरी सांगितलं तेव्हा आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"कालेजात जाऊन बी चापच व्हय गं!"

मी पण हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "नोकरी लागली. आता नवस?"

नवस चार-पाच वर्षं तसाच राहिला. एकाच खोलीचं पत्र्याचं घर, आढ्याला चाप. महालक्ष्म्या उभ्या कुठं करणार? मग घरकुल मंजूर झालं, माझ्या पगाराची भर पडली आणि दोन खोल्यांचं स्लॅबचं घर उभं राहिलं. मागे शेळ्यांसाठी जुन्याच पत्र्यांचं खोपट केलं. मागच्या वर्षी श्रावणात आई म्हणाली, "औंदा बसवायच्या. म्या मुखवटे बघून आले."

आप्पा पिसं निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "बसव की. पर चाप?"

"चाप न्हाय घ्यायचे."

"असं कसं न्हाय घ्यायचे? लोकं घिऊन येतील. दारातनं माघारी लावू व्हय?"

"आप्पा, मी सांगते सगळ्यांना," मी म्हणाले.

"तू गप," आई माझ्यावरच उलटली. "तू सांगितलंस की म्हणतील, पोरगी नोकरीला लागली आन् ह्यांना माज चढला. सवाष्णी जेवायला येणार न्हाईत. मग कुणाला वाढू, शेळ्यांना?"

ही आईची खरी भीती होती. महालक्ष्म्या बसवल्या आणि गल्लीतल्या बायका जेवल्या नाहीत तर नवस फिटला असं होत नाही. चाप घेतले तर घरात देवी बसत नाही, आणि चाप नाही घेतले तर बायका येत नाहीत. आप्पांनीच मार्ग काढला.

"चाप खोपटात ठेवू. म्या बी तितंच झोपतो तीन दिस. घरात चापाचा हात लागायला नको. मग तर झालं?"

आईला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. वडील तीन दिवस शेळ्यांत झोपणार याचं वाईट वाटण्याआधी, बरं झालं, सुटलं, असंच मनात आलं.

हरतालिकेच्या सकाळी सगळ्यांत आधी कोपऱ्यावरच्या मोठ्या घरातल्या काकी आल्या. गल्लीत त्यांचा शब्द मोठा. सोबत त्यांची धाकटी सून, हातात पिशवी, पिशवीत चाप. नवीन घराच्या उंबऱ्याला आईनं काढलेली रांगोळी बघून काकी थांबल्या.

"काय गं, आज रांगोळी एवढी?"

"महालक्ष्म्या बसवतोय काकी औंदा. नवस हाय पोरीचा."

"चांगलंच की!" काकी मनापासून म्हणाल्या. मग पिशवीकडे बघितलं. "मग आता हे कुठं जायचं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. इतकी वर्षं आमचं घर त्यांच्या हिशोबात एका ठरलेल्या कामाचं होतं. जशी गावाला मेलेली जनावरं टाकायची हाडकी असते, उकिरडा असतो.

"खोपटात हाय जागा," आप्पा आतून घाईनं आले. "तुमी द्या इकडं. म्या हाय की."

"आप्पा, तुमी म्हंजे लई गुणाचे," काकी म्हणाल्या. सुनेनं पिशवी त्यांच्या हातात न देता खाली ठेवली. दुपारपर्यंत खोपटाच्या दारात चापांचा ढीग झाला. आप्पांनी पाणी तापत ठेवलं.

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी गल्लीतल्या पंधरा-वीस बायका आमच्या दारात होत्या. इतक्या बायका आमच्या दारात मी कधी पाहिल्या नव्हत्या. आईच्या हातात मोठीचा मुखवटा, माझ्या हातात धाकटीचा. कुंकवाची पावलं तुळशीपासून आत काढलेली. कुणी ताटावर पळी वाजवत होतं. काकी पुढे होऊन विचारत होत्या आणि बाकीच्या उत्तर देत होत्या.

"महालक्ष्मी आली?"

"आली!"

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली!"

असं विचारत सगळं घर दाखवायचं असतं. चुलीपाशी न्यायचं. इथं काय हाय? अन्नपूर्णा हाय. धान्याच्या कणगीपाशी. इथं काय हाय? धनधान्य हाय. माझ्या पुस्तकांच्या फळीपाशीसुद्धा काकींनी थांबवलं. "इथं काय हाय?" आई म्हणाली, "इद्या हाय," आणि तिचा आवाज फुटला. मुखवटा पडेल म्हणून मी छातीशी धरला. त्या क्षणी मला वाटलं, फिटला नवस.

मग काकी म्हणाल्या, "चला, आता गोठ्याकडं."

आमची चूक तेव्हा आमच्या लक्षात आली. मी शिकलेली, आई दरवर्षी पाच घरच्या महालक्ष्म्यांना हातभार लावणारी, आप्पा जन्मभर जनावरांतले. पण तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की देवीला घरातली जनावरं दाखवावी लागतात. चूल, कणगी, तिजोरी आणि गोठा. गोठा चुकवता येत नाही. ज्या घरी म्हैस नाही तिथं कोंबड्यांचा खुराडा दाखवतात. आणि आमचा गोठा म्हणजे ते खोपट.

आई जागची हलली नाही. मागून बायका पुढे सरकल्या, ताट वाजतच होतं, त्या लोंढ्यात आम्ही दोघी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि खोपटापाशी येऊन उभ्या राहिलो. खोपटाला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. तो बाजूला करून आप्पा उभे होते. नुसत्या बनियनवर, कोपरापर्यंत राख लागलेली, हातात काथ्या. दोन्ही हात पसरून त्यांनी वाट अडवली होती.

"इकडं नका आणू," ते हळू आवाजात आईला म्हणाले.

पण काकींनी सवयीनं विचारलंच, "इथं काय हाय?"

उत्तर द्यायचं ते बायकांनी. ताट थांबलं.

आप्पा म्हणाले, "शेळ्या हायत."

"आन्?" मागून कुणीतरी विचारलं.

"आन् आमचे चाप हायत की!" काकींची धाकटी सून म्हणाली आणि फसकन हसली. तिच्या हसण्यानं सगळ्याच हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. ओठावर पदर धरून, आनंदाच्या कार्यात हसतात तसं. एक जण म्हणाली, "आप्पा, देवीला बी एक द्या की, फुलोरा राखायला!" आणखी हसू. आप्पाही हसले. पाहुण्यांपुढं मालकानं हसावं तसे, सगळ्यांत उशिरा थांबले.

मी मुखवट्याकडे बघत होते. त्याच्या रंगवलेल्या डोळ्यांना काय दिसतंय याचा विचार करत होते. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की आप्पांनी अंगात सदरा घातला असता तर बरं झालं असतं. ते देवीपासून लांब राहावेत म्हणून शेळ्यांत गेले होते, माझ्या नवसासाठी, आणि मला त्यांच्या बनियनची लाज वाटत होती.

"फिरा माघारी," काकी म्हणाल्या. "लांबनंच बघितलं तिनं. चालतंय."

आई माघारी फिरली. पण फिरताना तिनं काकींकडे असं बघितलं की मला कळलं, हिला हे चाललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या सवाष्णी जेवल्या. एकही राहिली नाही. काकींनी पुरण मागून घेतलं. बायका उठताना आई त्यांच्या ओटीत खण घालत होती आणि त्या जाता जाता "चाप न्यायला तेवढं चौदशीला कुणाला तरी पाठवून देते" असंही सांगत होत्या. आप्पांचं ताट मी खोपटात नेऊन दिलं. त्यांनी हात धुतले, शेळ्यांकडे पाठ करून जेवले आणि म्हणाले, "फुलोरा कसा दिसतोय? तुझ्या आईनं करंज्या चांगल्या केल्यात म्हणं." त्यांनी आपल्या घरच्या महालक्ष्म्या बघितल्या नव्हत्या. तीन दिवसांत ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी त्यांना मोबाइलवर फोटो काढून दाखवला. तो त्यांनी हात न लावता, मान वाकडी करून बघितला.

थंडीत आमची एक शेळी गाभडली. पिल्लं वेळेआधी मेलेली पडली. डॉक्टर म्हणाले असं होतं, चाऱ्यात काहीतरी गेलं असेल. मीही आईला तेच समजावलं, शास्त्राचे दोन शब्द वापरून. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिला शेळ्या दावल्याच न्हाईत. दारातनं माघारी आणली तिला. आर्धा नवस फिटत नसतो गं."

"आई, असं काही नसतं."

"तुला न्हाय कळायचं. तू शिकल्याली हायस."

मला मनातून माहीत होतं की मी तिच्याशी वाद घालत होते तो शेळीसाठी नव्हता. खोपटाच्या दारातला तो प्रसंग पुन्हा काढायला नको म्हणून घालत होते.

यंदा हरतालिकेच्या आधीच आई एकटी उठून गल्लीत गेली. मला सांगितलं नाही, आप्पांना सांगितलं नाही. दर घरी जाऊन तिनं एकच वाक्य सांगितलं, ते मला नंतर काकींच्या धाकट्या सुनेकडून कळलं. "औंदापासनं ज्याचे चाप त्याच्या घरी. आमच्याकडं बी देव बसतोय आता."

कुणी भांडलं नाही. काकी फक्त म्हणाल्या, "बरं बाई. आता तुमचं बी घर झालं."

आप्पांना कळलं तेव्हा ते अंगणात काथ्या सोलत होते. दरवर्षीच्या तयारीला. ते बराच वेळ सोलतच राहिले.

"त्यांना न्हाय जमायचं," शेवटी म्हणाले. "ताणूनच टांगतील. साबण लावतील. सोयाबीन निघालं की उंदीर येतेत, मग एक चाप उडायचा न्हाय."

"न्हाय उडू दे," आई म्हणाली. "तुमी काय गल्लीचा ठेका घेतलाय?"

"ठेका न्हाय," आप्पा म्हणाले. "पर मला इचारत हुते."

आई आत गेली. मला वाटलं होतं त्या दिवशी मला मोकळं वाटेल. पाचवीपासून मी ज्याची वाट बघत होते ते झालं होतं. पण मला आप्पांकडे बघवत नव्हतं. माझ्या पदवीनं, पगारानं आणि स्लॅबच्या घरानं मिळून त्यांच्या हातातलं एक काम काढून घेतलं होतं. आणि ते काम अपमानाचं होतं हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं. मी सांगावं का? सांगितलं तर जुनी सगळी वर्षं त्यांना मागे वळून पुन्हा बघावी लागली असती. मी सांगितलं नाही.

हरतालिकेच्या सकाळी काकींची सून आली. पिशवी नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आप्पा, सासूबाई म्हणत्यात, चाप आमच्या फाटकाबाहेर लिंबाला टांगायचे ठरलेत. तुमी येऊन तेवढे धुऊन, तेल लावून देता का? आमास्नी ते स्प्रिंगचं न्हाय जमत."

आप्पा उठले. इतक्या पटकन उठले की सोललेला काथ्या मांडीवरून खाली सांडला. तेलाची बाटली, पिसं, पिठाची पुडी त्यांनी पिशवीत घातली. "पाणी तापवायला सांग. चुलीची राख ठिवा... न्हाय, गॅसवाल्यांकडं राख नसती, म्या नेतो थोडी," असं तिला सांगत ते तिच्या पुढे चालायला लागले.

मी दारातून बघत राहिले. मोठ्या घराच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, रस्त्याच्या कडेला ते उकिडवे बसले. गणपती आणायला निघालेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती. काही जण थांबत, आपले चापही आणून पुढ्यात टाकत. ते मान वर करून काहीतरी सांगत होते, बोटानं कमान दाखवत होते. खुश दिसत होते. त्यांना तिथं बसलेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यांच्या खुशीत आपल्याला लाज वाटते याची दुसरी लाज त्यावर चढली. एकदा वाटलं, आपण जाऊन शेजारी बसावं. गोदामात मी हेच करते. हातमोजे घातले की त्याला नोकरी म्हणतात. मी दोन पावलं उतरलेही. पण समोरून पाचवीत आमच्या चापांवरून वर्गाला हसवणारी ती मुलगी येत होती. आता तिचं लग्न झालंय, कडेवर मूल होतं. मी तुळशीला पाणी घालायला उतरल्यासारखं केलं.

दुपार कलली तेव्हा आप्पा परत आले. गुडघ्यापर्यंत राख, नखांत काळं, अंगाला तेलाचा आणि त्या वाळलेल्या रक्ताचा ओला वास. घरात आई कोठ्यांमध्ये गहू भरत होती. याच कोठ्यांवर तीन दिवसांनी मुखवटे बसायचे. यंदा खोपट शेणानं सारवलं होतं, शेळ्यांच्या शिंगांना गेरू लावला होता. यंदा देवी आतपर्यंत जाणार होती.

आप्पांनी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि आई आतून ओरडली, "अवो, थांबा! तसंच नका येऊ आत! चापाचे हात हायत!"

त्यांनी पाय मागे घेतला. जरा गोंधळून आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते अपराधी माणसासारखं हसले. "व्हय की," म्हणाले. "आता देवाचं घर हाय."

ते पायरीच्या खाली उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आईचे हात गव्हात होते. मी तांब्या घेतला आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून, अंतर ठेवून, वरून त्यांच्या हातांवर पाणी ओतायला लागले.